संशोधन-प्रश्नाची व्याख्या : संगणकशास्त्राच्या इतिहासातील दोन प्रसंग

पदव्युत्तर विद्यार्थी संशोधनाचा आराखडा घेऊन येतो, तेव्हा त्याच्या कागदावर बहुधा विषय असतो, प्रश्न नसतो. ‘सॉफ्टवेअरची विश्वसनीयता’ हा विषय झाला. ‘अमुक कामासाठी प्रणाली तयार करणे’ हा उद्योग झाला. यांपैकी कोणत्याही विधानावरून, कोणते उत्तर चूक ठरेल, हे सांगता येत नाही. आणि जेथे चूक उत्तर संभवत नाही, तेथे बरोबर उत्तरालाही अर्थ उरत नाही. हा भेद उपदेशापेक्षा उदाहरणांनी अधिक स्पष्ट होतो. म्हणून प्रस्तुत लेखात दोन ऐतिहासिक प्रसंग विचारार्थ घेतले आहेत.

पहिला प्रसंग १९६५ सालचा. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे अध्यापन करणारे एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबरात ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात केवळ एका पृष्ठाचा लेख प्रसिद्ध केला. अनेक संगणक आपापली कामे चक्राकार करीत आहेत. प्रत्येकाच्या कामात एक भाग असा आहे की, तो एका वेळी एकाच संगणकाने करावयाचा आहे. परस्परांशी संपर्क साधण्यास त्यांच्यापाशी केवळ सामायिक स्मृती आहे. हे कसे साधावे?

एवढ्यावरच डाइक्स्ट्रा थांबले असते, तर तो एक विषय झाला असता. त्यांनी अटी घातल्या. सर्व संगणकांचा दर्जा समान असावा. कोणासही कायमचा अग्रक्रम नसावा. त्यांच्या गतींविषयी काहीही गृहीत धरू नये. एखादा संगणक त्या विशिष्ट भागाच्या बाहेर असताना बंद पडला, तर इतरांचा खोळंबा होऊ नये. अनेकजण एकाच वेळी प्रवेश करू पाहत असतील, तर प्रथम कोणी जावे याचा निर्णय अनंत काळ लांबणीवर पडू नये. शिवाय, सामायिक स्मृतीतील एका स्थानावरील वाचन वा लेखन ही अविभाज्य क्रिया आहे, हे गृहीतकही त्यांनी उघडपणे नोंदविले. उत्तर देण्यापूर्वी वाचकाने येथे थांबून स्वतः प्रयत्न करून पाहावा, असेही त्यांनी सुचविले आहे. प्रश्न नीट मांडला गेला आहे याची खात्री असणाराच असे आवाहन करू शकतो.

पुढील नऊ वर्षांत या मांडणीची कसोटी तीन प्रकारे लागली. जानेवारी १९६६ मध्ये हॅरिस हायमन यांनी दोन संगणकांपुरते एक सोपे उत्तर सुचविले. मे महिन्यात डोनाल्ड क्नूथ यांनी ते चूक असल्याचे दाखवून दिले. दुसरा कोणी इच्छुक नाही असे पाहून एक संगणक पाळी आपल्याकडे घेण्याच्या बेतात असतो. नेमक्या त्याच क्षणी, पाळी अद्याप ज्याच्याकडे आहे असा दुसरा संगणक प्रवेश करतो. मागोमाग पहिलाही शिरतो. गतींविषयी काही गृहीत धरावयाचे नाही, ही अट नसती, तर ‘असे क्वचितच घडेल’ म्हणून ते उत्तर खपून गेले असते.

क्नूथ यांचा दुसरा आक्षेप अधिक मार्मिक होता. डाइक्स्ट्रांच्या अटींनी सर्व संगणक एकत्रितपणे अडकून पडणार नाहीत याची हमी मिळते. परंतु इतर पुनःपुन्हा पुढे जात राहिले, तर एखादा दुर्दैवी संगणक कायमचा ताटकळत राहू शकतो. येथे उत्तर चुकले नव्हते. व्याख्येतच एक अट कमी होती. ती घालून क्नूथ यांनी नवे उत्तर दिले. लगेच नवा प्रश्न उभा राहिला : प्रतीक्षेची कमाल मर्यादा किती? १९६७ मध्ये डी ब्राउन यांनी आणि १९७२ मध्ये आयझेनबर्ग व मॅग्वायर यांनी ती क्रमाने खाली आणली.

तिसरी कसोटी गृहीतकाची. स्मृतीवरील क्रिया अविभाज्य मानणे म्हणजे ‘एका वेळी एकच’ ही सोय खालच्या पातळीवर आधीच उपलब्ध आहे असे मानणे होय. १९७४ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी, दुकानातील ग्राहकांना क्रमांक देण्याच्या पद्धतीवर आधारलेल्या आपल्या उत्तरात, हे गृहीतकच अनावश्यक ठरविले. ते मुळात लिहून ठेवलेले होते, म्हणूनच ते काढून पाहणे शक्य झाले.

दुसरा प्रसंग सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचा. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीच्या आश्रयाखाली परिषद भरली. मोठ्या प्रणाली वेळेवर पूर्ण होत नाहीत, खर्च वाढतो, दोष उरतात, या तक्रारींना तेथे ‘सॉफ्टवेअरचे संकट’ हे नाव मिळाले. हे संकट खरे होते; परंतु संकट म्हणजे प्रश्न नव्हे.

त्यातून प्रश्न कसा घडवावा, याचा वस्तुपाठ डेव्हिड पार्नास यांनी डिसेंबर १९७२ मध्ये दिला. त्यांनी एक लहानसे काम निवडले : प्रत्येक ओळीतील पहिला शब्द क्रमाने शेवटी नेत जावयाचे आणि अशा सर्व ओळींची वर्णानुक्रमे सूची करावयाची. या कामाचे मॉड्यूलांत दोन प्रकारे विभाजन केले. एकात प्रक्रियेच्या पायऱ्यांप्रमाणे, दुसऱ्यात बदलण्याजोगा प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलात झाकून. मग विचारले : अमुक निर्णय बदलला, तर किती मॉड्यूलांना धक्का लागेल? सर्व ओळी मुख्य स्मृतीत ठेवण्याचा निर्णय बदलला, तर पहिल्या रचनेत प्रत्येक मॉड्यूल बदलावे लागते. दुसरीत तो बदल एकाच मॉड्यूलापुरता राहतो. ‘चांगली रचना कोणती?’ हा मतभेदाचा विषय अशा रीतीने मोजता येईल असा प्रश्न झाला. एका लहान उदाहरणावरून सर्व प्रणालींविषयी निष्कर्ष निघत नाही, हे खरे. पण ती मर्यादा आपणांस दिसते, हेदेखील व्याख्येच्या स्पष्टतेचेच फळ होय.

तात्पर्य, आराखडा सादर करण्यापूर्वी विद्यार्थ्याने तीन गोष्टी लिहून काढाव्यात : उत्तराने कोणत्या अटी पाळावयाच्या, आपण काय गृहीत धरले आहे, आणि काय आढळल्यास आपले उत्तर चुकले असे आपण मान्य करू. त्यांतील एखादी अट पुढे कोणी अपुरी ठरवील, एखादे गृहीतक कोणी काढून टाकील. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. डाइक्स्ट्रांच्या एका पृष्ठाचे मोल त्यातील उत्तरापेक्षा, इतरांना ते पुढे नेता आले, यातच अधिक आहे.