फरकांची बेरीज

भरवेलीच्या मँगनीज खाणीत काढलेल्या मालाचे नमुने मी वर्षानुवर्षं तपासले. खनिजाचा ढीग शंकूसारखा रचायचा, वरून चपटा करायचा, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवायचे. असं करत मूठभर भुकटी उरते. तिच्यातला मँगनीजचा टक्का वहीत चढायचा. आकडे रोज थोडे हलणारच. पण ही नेहमीचीच हालचाल, की खाली मालच बदलला?

यावर 1924 साली अमेरिकेत वॉल्टर श्युहार्टनं तक्ता दिला: मधली रेघ, वर-खाली मर्यादा, बिंदू बाहेर गेला की कारण शोधा. 1947-48मध्ये श्युहार्ट भारतातही येऊन गेला. मोठी उडी हा तक्ता झटकन पकडतो, हळू घसरण मात्र उशिरा.

1954मध्ये इंग्लंडच्या ई. एस. पेजनं साधी युक्ती काढली. समजा, अपेक्षा 46 टक्क्यांची आणि आले 45.6, 45.7, 45.5, 45.8. एकेकट्यावर कुणी संशय घेणार नाही. फरकांची बेरीज करत गेलो तर उणे 0.4, 0.7, 1.2, 1.4. ठरलेली हद्द ओलांडली की इशारा. हद्द जवळ ठेवली तर फुकटची धावपळ, लांब ठेवली तर उशीर. हा सौदा कुणालाच चुकला नाही.

पेजच्या आधी, युद्धकाळात, निरीक्षण येईल तसा निर्णय घ्यायचं गणित अब्राहम वाल्डनं रचलं होतं. डिसेंबर 1950मध्ये, भारतातल्या व्याख्यान दौऱ्यात, त्याचं विमान निलगिरीत कोसळलं. बदल ओळखायला कमीत कमी उशीर किती, हा हिशेब पुढं 1960च्या दशकात मॉस्कोच्या शिर्यायेवनं काटेकोर मांडला.