टेक् : ओळ आणि पान

१९७७ सालच्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनल्ड क्नूथ यांच्या हातीं 'दि आर्ट ऑफ कॉम्प्यूटर प्रोग्रॅमिंग' या त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें आलीं. पहिली आवृत्ति शिशाच्या खिळ्यांची; ही छायाचित्रणाच्या तंत्रानें जुळविलेली. ती पाहून त्यांचें मन इतकें विटलें कीं, संगणकाकडून अक्षरजुळणी करविणारी 'टेक्' ही पद्धति त्यांनीं स्वतःच रचली.

ओळी पाडतांना टेक् सबंध परिच्छेद पाहते, शब्दांमधली जागा ताणते, आवळते आणि प्रत्येक ओळीची कुरूपता आंकड्यांनीं मोजते. आवळण्याची मर्यादा मात्र ती ओलांडीत नाहीं. न मावणारा शब्द मग समासांत घुसतो, व मूळ व्यवस्थेंत तेथें काळी पट्टी उमटते. नवशिके तिला भितात. मला तो प्रामाणिकपणा वाटतो!

पानांची गोष्ट निराळी. त्या काळच्या संगणकांची स्मृति तोकडी. अनेक पानें एकदम ध्यानांत ठेवणें अशक्य. म्हणून पान भरलें कीं टेक् तें तोडून मोकळी होते, मागें वळून पाहत नाहीं. तळ रिकामा राहतो, परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटी पडते, तें बव्हंशीं यामुळेंच. क्नूथांचे शिष्य मायकेल प्लास यांनीं १९८१ सालीं याच प्रश्नावर प्रबंध लिहिला. तरी १९८२ च्या नव्या रचनेंतहि जुनाच मार्ग राहिला.

तेव्हां आधीं ओळी सुधाराव्या : शब्द तोडण्यास मुभा द्यावी, वाक्य थोडें फिरवावें. मजकूर कायम झाल्यावरच एखादें पान ओळभर वाढवावें. त्यापूर्वीं हातानें घातलेली जागा पुढच्या फेरफारांत भलत्याच पानावर जाऊन बसते.