मावशीआजीची फाईल

परवा मावशीआजीचं कपाट आवरताना एक पिवळी पडलेली फाईल सापडली. १९७४ सालची. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, वय २९, 'विजेचे शेक' दिल्याच्या नोंदी. शेवटी डॉक्टरांचा शेरा, रोग दिसत नाही.

बरी झालीच ती. गेल्या वर्षापर्यंत आमच्यात होती. पण शेक संपले आणि तिशीच्या आत तिची पाळी कायमची गेली. मूल झालं नाही. घरात कुणी तो विषय काढायचं नाही. "जीव वाचला ना!" इथेच सगळं थांबायचं.

तेव्हा खरंच काही करता आलं नसतं? हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचत बसले.

गणित क्रूर आहे. किरणांची मात्रा 'ग्रे'मध्ये मोजतात. २ ग्रेपेक्षाही कमी मात्रेत बीजांडकोशातली निम्मी स्त्रीबीजं मरतात. या कॅन्सरला बाहेरून दिले जाणारे शेकच ४५ ते ५० ग्रेचे! मग बीजांडकोशच किरणांच्या वाटेतून हलवले तर?

हे सुचलं होतं हो! १९५८ साली अमेरिकेत मॅक्कॉल, कीटी आणि थॉम्पसन यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत बीजांडकोश राखण्याबद्दल लिहिलं. रक्तवाहिन्या न तोडता बीजांडकोश पोटात वर नेऊन टाके घालायचे, अशी ही युक्ती. १९७० साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी हॉजकिन्सच्या मुलींमध्ये ते मध्यभागी आणून शिशाच्या ठोकळ्याआड लपवले. मावशीआजीच्या फाईलच्या चार वर्षं आधी...

पण खरं सांगायचं तर मूल तिला तरीही झालं नसतं. शेक गर्भाशयावरच होते, आणि पहिली टेस्टट्यूब बेबी जन्मली १९७८ साली. ऐन तिशीत अंगातून निघणाऱ्या वाफा, ठिसूळ झालेली हाडं, हे मात्र कदाचित टळलं असतं. आणि निदान तिला कुणी विचारलं तरी असतं.

पुढे बरंच घडलं. २००४ साली बेल्जियममध्ये जाक डोनेझ यांच्या रुग्णाला, गोठवून ठेवलेला बीजांडकोशाचा तुकडा परत बसवल्यावर, मूल झालं. २०१२ साली अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेने स्त्रीबीजं गोठवण्यावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला. २०१७ साली ब्राझीलच्या रैतान रिबेरो यांनी चक्क गर्भाशयच तात्पुरतं वर हलवल्याची हकीकत छापली. अर्थात ती रुग्ण गुदाशयाच्या कॅन्सरची होती. रोग गर्भाशयमुखात असेल आणि शेकच द्यायचे असतील, तर गर्भाशय वाचवता येत नाही. हलवलेले बीजांडकोशही दर वेळी टिकतात असं नाही.

पण यातलं जे काही करायचं, ते पहिल्या शेकाआधी. नंतर नाही. घाबरलेल्या घरात तेवढे चारआठ दिवसच हातात असतात. म्हणून घरातल्या पोरींनो, कुणावर ही वेळ आलीच, तर "आधी जीव वाचू दे" म्हणणाऱ्यांचं ऐका, पण डॉक्टरांना हा प्रश्न त्याच दिवशी विचारा. लाजू नका.

फाईल रद्दीत टाकायची होती. माझ्या टेबलावरच ठेवली आहे.