विमानशोध, खोल सागरातील
विमानशोध, खोल सागरातील : समुद्रात बुडालेल्या विमानाचे अवशेष व त्यातील नोंदयंत्रे शोधून वर काढण्याचे कार्य. विमान भर समुद्रात नाहीसे झाल्यास अपघाताचे कारण ठरविण्यास या दोहोंखेरीज भरवशाचे साधन बहुधा उरत नाही. कारण कळल्याशिवाय त्याच बनावटीच्या इतर विमानांतील दोष दूर करता येत नाहीत आणि मृतांच्या आप्तांनाही निश्चित उत्तर मिळत नाही. या कार्याचा इतिहास पाहता उपकरणांच्या प्रगतीइतकेच महत्त्व ‘शोध नेमका कोठे घ्यावयाचा’ या प्रश्नाला असल्याचे दिसून येते.

प्रारंभ : १० जानेवारी १९५४ रोजी कॉमेट जातीचे ब्रिटिश जेट विमान भूमध्य समुद्रात एल्बा बेटाजवळ कोसळून त्यातील ३५ जण मृत्यू पावले. तेथील समुद्र फार खोल नव्हता. ब्रिटिश नौदलाने पाण्याखाली चालणाऱ्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांच्या साहाय्याने विमानाचा बराच भाग वर काढला व फार्नबरो येथील संशोधनकेंद्रात तो जुळविण्यात आला. केबिनमधील हवेचा दाब वारंवार वाढल्या-घटल्याने धातूस शिणवटा येऊन विमानाचे कवच फाटले, हे त्यावरून व टाकीतील चाचण्यांवरून सिद्ध झाले. त्याच वर्षी ८ एप्रिल रोजी नेपल्सच्या दक्षिणेस पडलेल्या दुसऱ्या कॉमेटचे अवशेष मात्र खोलीमुळे वर काढता आले नाहीत. खोल तळ त्या काळी मानवी आवाक्याबाहेर होता.

नोंदयंत्रे व ध्वनिसंकेतक : कॉमेटच्या अपघातांच्या चर्चेतूनच मेलबर्न येथील शास्त्रज्ञ डेव्हिड वॉरन यांना वैमानिकांचे संभाषण व उड्डाणाची मोजमापे नोंदविणाऱ्या यंत्राची कल्पना सुचली. ‘काळी पेटी’ या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र प्रत्यक्षात नारिंगी रंगाचे असते व ते बहुधा विमानाच्या शेपटीकडील भागात बसवितात. प्रकाश व रेडिओ तरंग समुद्राच्या पाण्यात फार दूर जात नाहीत. ध्वनी मात्र जातो. म्हणून यंत्रास एक ध्वनिसंकेतक जोडतात. पाण्यात पडताच तो दर सेकंदास सु. ३७.५ किलोहर्ट्‌झ कंप्रतेचा एक संकेत देतो. पूर्वी त्याच्या विद्युत् घटाची किमान मुदत ३० दिवस असे. संकेताचा पल्ला साधारणपणे दोन-तीन किमी. असल्याने चार किमी. खोलीवरील संकेतक ऐकण्यासाठी श्रवणयंत्र लांब तारेने बरेच खाली सोडून ओढत न्यावे लागते.

संभाव्यतेचा उपयोग : जानेवारी १९६६ मध्ये स्पेनमधील पालोमारेस गावावर दोन अमेरिकी लष्करी विमानांची टक्कर होऊन एक हायड्रोजन बाँब समुद्रात पडला. समुद्राचे चौकोन पाडून प्रत्येकास संभाव्यतेचा अंक देणे व शोध निष्फळ ठरेल तसतसे ते अंक बदलणे, ही रीत त्या वेळी वापरण्यात आली. अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक टॉमस बेझ यांच्या सिद्धांतावर ती आधारलेली आहे. बाँब पडताना पाहिलेल्या एका स्थानिक कोळ्याची साक्ष मोलाची ठरली आणि मार्चमध्ये ‘ॲल्व्हिन’ या पाणबुडीस बाँब दिसला.

कनिष्क : २३ जून १९८५ रोजी माँट्रिऑलहून लंडनमार्गे दिल्ली व मुंबईकडे येणारे एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडच्या नैर्ऋत्येस सु. ९,४०० मी. उंचीवर असताना रडारवरून नाहीसे झाले. ३२९ जण मृत्युमुखी पडले. समुद्र तेथे सु. २,००० मी. खोल होता; परंतु विमानाचे अखेरचे स्थान रडारवर नोंदले गेले होते व संकेतकही कार्य करीत होते. परिणामी तीन आठवड्यांच्या आतच ‘स्कॅराब’ या दूरनियंत्रित वाहनाने दोन्ही नोंदयंत्रे वर आणली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील तज्ञांनी ध्वनिफितीचे परीक्षण केले. न्यायमूर्ती कृपाल यांच्या चौकशीत मालकक्षात झालेला बाँबस्फोट हे अपघाताचे कारण ठरले. १९८७ मध्ये मॉरिशसजवळ कोसळलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या ‘हेल्डरबर्ग’ या विमानाचे ध्वनिनोंदयंत्र तर ४,००० मी. पेक्षा अधिक खोलीवरून १९८९ मध्ये वर काढण्यात आले. खोलीची अडचण अशा रीतीने बरीचशी दूर झाली. ठिकाणाची अडचण मात्र राहिली.

एअर फ्रान्स ४४७ : १ जून २००९ रोजी रीओ दे जानेरोहून पॅरिसला जाणारे हे विमान २२८ जणांसह अटलांटिक महासागरात कोसळले. ते दर दहा मिनिटांनी आपले स्थान कळवीत असे. त्यावरून शोधक्षेत्र सु. ७४ किमी. त्रिज्येच्या वर्तुळाएवढे ठरले. संकेतक ऐकण्याचा महिनाभराचा प्रयत्न, तसेच ध्वनिप्रतिमा घेणारे पुढील दोन शोध निष्फळ झाले. त्यानंतर गणितज्ञांनी सर्व पुराव्याची नव्याने मांडणी केली. अखेरच्या स्थानाभोवतीच्या टापूतून काही ऐकू न आल्याने तो जवळजवळ वगळण्यात आला होता. दोन्ही संकेतक निकामी झाले असण्याची शक्यता हिशेबात घेताच तोच टापू अग्रस्थानी आला. ३ एप्रिल २०११ रोजी, नवा शोध सुरू झाल्यापासून सु. एका आठवड्यात, ‘रीमस’ या स्वयंचलित वाहनांनी सु. ३,९०० मी. खोलीवर अवशेष टिपले. ते अखेरच्या ज्ञात स्थानापासून अवघ्या १२ किमी. वर होते. पुढे हाती आलेला एक संकेतक नादुरुस्त आढळला. मेच्या आरंभी दोन्ही नोंदयंत्रे वर आणण्यात आली आणि २३ महिने खाऱ्या पाण्यात राहूनही त्यांतील माहिती शाबूत निघाली. वेगमापक नळ्यांत बर्फ साचून स्वयंचालन बंद पडले. त्यानंतर विमानाचे नाक वर उचलले जाऊन पंखांचे उत्थापन ढासळले, हे त्यावरून उघड झाले. ऐकू न येणे म्हणजे तेथे काही नसणे नव्हे, हा या शोधाचा प्रमुख धडा होय.

मलेशियाचे विमान : ८ मार्च २०१४ रोजी क्वालालुंपुरहून बीजिंगकडे निघालेले एमएच ३७० हे विमान २३९ जणांसह नाहीसे झाले. उपग्रहाशी सु. दर तासाने झालेल्या संकेत-देवाणघेवाणीवरून ते दक्षिण हिंदी महासागरातील एका दीर्घ कमानीजवळ पडल्याचे अनुमान निघाले. नेमका बिंदू ठरविता आला नाही. १,२०,००० चौ. किमी. तळ तपासून जानेवारी २०१७ मध्ये शोध थांबविण्यात आला. २०१८ मधील खाजगी शोधासही यश आले नाही. २०२५ मध्ये शोध पुन्हा हाती घेण्यात आला. २०१५ मध्ये रेयून्यों बेटावर वाहत आलेल्या पंखाच्या भागामुळे विमान समुद्रात पडल्याची खात्री पटली, पण कारण कळले नाही.

सुधारणा : या दोन घटनांनंतर संकेतकांची किमान मुदत ९० दिवस करण्यात आली. महासागरावरून जाणाऱ्या मोठ्या विमानांचे स्थान दर पंधरा मिनिटांनी नोंदविण्याचा आंतरराष्ट्रीय दंडकही अंमलात आला. भारतात २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईहून पोर्ट ब्लेअरकडे जाताना २९ जणांसह नाहीशा झालेल्या वायुसेनेच्या ए एन-३२ विमानाचे अवशेष राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित वाहनाने बंगालच्या उपसागरात सु. ३,४०० मी. खोलीवर टिपल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. साडेसात वर्षांनी मिळालेल्या या उत्तरावरून खोल समुद्रही कायमचा मौन धरीत नाही, हे दिसते. मात्र त्याला प्रश्न योग्य ठिकाणी विचारावा लागतो.