काळ्या-पिवळ्या पद्मिनीचे आवाज

१/ मुंबईतील शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत झाली. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षे. म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. इतकी वर्षे खड्डे सोसून ही गाडी टिकली कशी?

२/ कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीचा मूळ आराखडा १९५३च्या इटालियन फियाट ११००चा. पुढच्या चाकांना गुंडाळी स्प्रिंग, मागे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी.

३/ खड्ड्यात कमान वाकते, पट्टे एकमेकांवर घसरतात. ग्रीस सुकून गंज चढला की कुरकुर सुरू होते. उपाय : कमान उतरवायची, पट्टे सुटे करून घासायचे, ग्रीस लावून पुन्हा बांधायचे.

४/ ‘ठक्’ असा आवाज आला, तर संशय रबरी बुशांवर. रबर झिजले की लोखंड लोखंडावर आदळते. एकाने गाडीचा कोपरा दाबायचा, दुसऱ्याने सांध्यावर हात ठेवायचा. सैल सांधा हाताला कळतो. दाबून सोडलेली गाडी डोलतच राहिली, तर शॉकअॅब्सॉर्बर निकामी.

५/ हे निदान चुकले तर धोका मोठा. कमानीला ॲक्सलशी आवळणारा यू-बोल्ट सैल झाला, तर ॲक्सलच जागा सोडू शकतो.

६/ परवाना राजमध्ये नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे जुनी गाडी दुरुस्त करणे ही गरज होती, आणि प्रत्येक सुटा भाग बदलता येणारी ही रचना त्या गरजेला पुरी पडली. पद्मिनीचा इतिहास कारखान्याइतकाच गॅरेजांतही घडला.