मध्यरेषेवरील वाशीम

वाशीम शहरात मध्यमेश्वर नावाचे एक शिवालय आहे. पृथ्वीची मध्यरेषा येथूनच जाते, असे तेथील लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. या समजुतीस ग्रंथाधार नाही असे नाही. भास्कराचार्यांनी ११८३ च्या सुमारास रचलेल्या ‘करणकुतूहल’ ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या रेषेवरील स्थळे गणली आहेत. त्यांत कांची, पर्यली, वत्सगुल्म, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र ही नावे येतात. पर्यली म्हणजे परळी, तर वत्सगुल्म म्हणजेच आपले वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. अजिंठ्याच्या वैभवाशी नाते सांगणारा हरिषेण याच घराण्यातला. भास्कराचार्यांच्या काळी ती सत्ता लयाला जाऊन जवळजवळ सात शतके लोटली होती. तरीही ज्योतिषांच्या यादीत गावाचे नाव टिकून होते.

आता नकाशा उघडून पाहावा. उज्जैनचे रेखांश सुमारे ७५.८, परळीचे ७६.५, वाशीमचे ७७.१. कांची तर उज्जैनच्या जवळजवळ चार अंश पूर्वेस. म्हणजे ही रेषा सरळ नाहीच!

मग जुने ज्योतिषी चुकले कसे? अक्षांश काढणे सोपे. ध्रुवताऱ्याची उंची मोजली की काम झाले. रेखांशाला मात्र दोन गावांच्या स्थानिक वेळांतील फरक हवा, आणि त्यासाठी दोन्हीकडून एकाच क्षणी दिसणारी घटना हवी. अशी घटना म्हणजे चंद्रग्रहण. ‘सूर्यसिद्धान्ता’तही हीच रीत सांगितली आहे. मध्यरेषेसाठी गणिताने आलेली वेळ आणि आपल्या गावी घटिकापात्राने मोजलेली वेळ यांतील अंतरावरून गावाचे स्थान ठरे. एका घटिकेला सहा अंश. उज्जैन आणि वाशीम यांमधील फरक अवघा सुमारे चौदा पळांचा, म्हणजे जवळपास साडेपाच मिनिटांचा. पृथ्वीच्या सावलीची कड धूसर असते. चंद्र पूर्ण झाकला केव्हा, यावर शेजारी उभ्या असलेल्या दोघांचेही एकमत होणे कठीण. त्यात वाळूने वा पाण्याने चालणारी घड्याळे! एवढ्या साधनांवर चौदा पळांची चूक ही मला चूक वाटतच नाही. वाशीमचा मान रेषेच्या अचूकतेत शोधू नये. आकाश मोजू पाहणाऱ्यांनी या गावाची नोंद ठेवली, यात तो आहे.

१६१० मध्ये गॅलिलिओला गुरूचे उपग्रह दिसले. पुढे त्यांच्या वरचेवर होणाऱ्या ग्रहणांमुळे चंद्रग्रहणाची वाट पाहण्याची गरज उरली नाही. १७३४ साली येशूसंघीय फादर बूदिए आणि फादर पाँस हे सवाई जयसिंगांच्या निमंत्रणावरून चंद्रनगरहून जयपूरला गेले, तेव्हा वाटेतील गावांचे अक्षांश-रेखांश काढीतच गेले. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेने ग्रिनिचला मूळ रेखांश ठरविले.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री अकराच्या सुमारास चंद्र पूर्णपणे सावलीत शिरला. उज्जैन आणि वाशीम येथील घड्याळांत तेव्हा एकच वेळ होती, कारण ती आता प्रमाणवेळेची. सूर्य मात्र आजही वाशीमचे मध्याह्नवृत्त उज्जैनच्या साडेपाच मिनिटे आधी ओलांडतो.