ज्ञानकोशाचा खर्च कोणी उचलायचा? केतकरांपासून मोबाईलपर्यंत

१/८
मुळशी तालुक्यातील नेरे हे हिंजवडीच्या आयटी पार्कजवळचे गाव. तेथील विद्यार्थ्याला आज संपूर्ण मराठी विश्वकोश मोबाईलवर विनामूल्य वाचता येतो. शंभर वर्षांपूर्वी मराठीत असा कोश निघावा म्हणून एका विद्वानाला कंपनी काढावी लागली होती. #धागा

२/८
ते विद्वान म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७). अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते परतले आणि मराठीत सर्वविषयसंग्राहक ज्ञानकोश रचण्याचा संकल्प त्यांनी केला. प्रश्न विद्वत्तेचा नव्हता, भांडवलाचा होता.

३/८
नागपुरात ‘ज्ञानकोशमंडळ लिमिटेड’ स्थापन झाले. भाग विकून भांडवल उभारायचे, वर्गणीदार मिळवायचे आणि त्या बळावर संपादन व छपाई चालवायची, अशी ही रचना होती. पुढे काम पुण्यास आले. १९२० ते १९२९ या काळात २३ खंड प्रसिद्ध झाले. या खटाटोपाचा इतिहास केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या ग्रंथात नोंदवला आहे.

४/८
छापील कोशाची एक मर्यादा असते. खंड छापला की ज्ञान तेथेच गोठते. दुरुस्ती करायची तर पुन्हा जुळणी, पुन्हा कागद, पुन्हा भांडवल.

५/८
महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर हा भार शासनाने उचलला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, विसावा २०१५ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे शेवटची नोंद छापली गेली तेव्हा ‘अ’च्या नोंदी जवळजवळ चाळीस वर्षांच्या झाल्या होत्या!

६/८
२०११ मध्ये विश्वकोश संकेतस्थळावर आला. नंतर विषयवार ज्ञानमंडळे स्थापन झाली. आता नव्या नोंदीला पुढच्या खंडाची वाट पाहावी लागत नाही. केतकरांचा ज्ञानकोशही यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या प्रयत्नाने संकेतस्थळावर आला.

७/८
संशोधनपत्रिकांची वाट मात्र वेगळी आहे. पूर्वी ग्रंथालय अंक विकत घेई आणि तो कपाटात राही. इलेक्ट्रॉनिक व्यवहारात बहुधा वाचण्याची परवानगी विकली जाते. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका तीत येतात. लाभ सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना. संस्थेबाहेरचा अभ्यासक दाराबाहेरच.

८/८
कागद आणि टपालाचा खर्च गेला, पण लेखन, तपासणी आणि संपादन यांचे श्रम गेले नाहीत. ते मोल केतकरांच्या काळी भागधारकांनी आणि वर्गणीदारांनी दिले, विश्वकोशासाठी करदात्यांनी. नेरे गावच्या विद्यार्थ्याला विश्वकोश खुला आहे, तो त्याचे मूल्य समाजाने आधीच चुकते केले आहे म्हणून. संशोधनपत्रिकांचे मूल्यही जनतेच्या पैशातूनच जात असेल, तर दार कोणासाठी उघडायचे, हा प्रश्न विचारण्याचा हक्कही जनतेचाच.